दगडाच्या आधीचं पान: मुंबईतले पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

तुतारी एक्स्प्रेस दादरला लागली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. आई खालच्या बर्थवर गाढ झोपली होती, अण्णा मात्र पनवेलपासून टक्क जागे. आईला इथल्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आम्ही आलो होतो. गेलं वर्षभर ती विसरायला लागली आहे. गॅसवर दूध ठेवलेलं विसरते, कालचा पाहुणा विसरते. त्या काळजीतही अण्णांचं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं, हे मला चिपळूण सोडल्यापासून दिसत होतं. माझी भाची टोकियोला नोकरी करते. ती सुट्टीवर आली होती आणि येताना आजोबांसाठी गिंकगोची पानं घेऊन आली होती. तिचा फोन आल्यापासून अण्णांनी तीनदा विचारलं असेल, "पानांना घडी पडली नाही ना गं?"

अण्णांनी चौतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बियांच्या, वनस्पतींचा धडा आला की ते पिवळ्या खडूने फळ्यावर एक पान काढायचे, पंख्यासारखं, मधोमध चीर गेलेलं. मीही त्या वर्गात बसलोय. "गिंकगो बायलोबा. याच्या घराण्यात आज दुसरं कुणी उरलेलं नाही. डायनोसॉर चरत होते तेव्हा हे झाड होतं. ते गेले, हे राहिलं." खडूचा हात शर्टाला पुसत ते हे सांगायचे आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. पण अण्णांनी स्वतः ते झाड कधीच पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे ते डेहराडून, दार्जिलिंग अशा थंड ठिकाणच्या बागांत लावलेलं आहे. त्याला खरा हिवाळा लागतो, कोकणात नि मुंबईत ते तग धरत नाही. उत्तरेला जायचं दर मे महिन्यात ठरायचं आणि दर मे महिन्यात आंबे नाहीतर कुणाचं तरी लग्न आडवं यायचं.

पार्ल्याला बहिणीकडे पोचलो, चहा झाला, आणि अण्णांनी आंघोळीच्या आधीच पानं मागितली. भाचीने फाईल उघडली. टीपकागदात दाबलेली चार पानं. रंग पिवळा, पण वाळल्याचा नाही. हळदीचं पान पिकताना होतं तसा भरलेला पिवळा. अण्णांनी खिशातलं भिंग काढलं आणि एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. आंब्याच्या पानाला मधे एक जाड शीर असते, पिंपळाच्या पानात शिरांचं जाळं असतं. इथे दोन्ही नाही. देठातून दोन शिरा निघतात, प्रत्येकीच्या पुढे दोन होतात, त्या दोनांच्या पुन्हा दोन, आणि अशाच फुटत त्या कडेपर्यंत जातात. आडव्या शिरांनी विणलेलं जाळं कुठेच नाही. बोट फिरवलं की त्या बारीक रेघा गंजिफ्रॉकच्या विणीसारख्या हाताला लागतात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी चीर फार खोल काढायचो."

"आजोबा, हे कोइशिकावा बागेतलं आहे," भाची म्हणाली. "टोकियो विद्यापीठाची बाग. त्या झाडाखाली पडलेलं उचललं."

"हिरासेचं झाड?" अण्णांनी भिंग खाली ठेवलं. तिने मान हलवली. ती गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली नाही, सोमवारी सांगितली. मीही तिथेच लिहीन.

आई शेजारी बसली होती. तिने विचारलं, "हे कसलं पान?" अण्णांनी सांगितलं. दहा मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. अण्णांनी पुन्हा सगळं सांगितलं, गिंकगोपासून.

दुपारी भाचीने दुसरी वस्तू काढली. गिनान, म्हणजे गिंकगोच्या बिया, उकडून हवाबंद पाकिटात मिळतात त्या. ओल्या बियांवर मांसल गर असतो. गळून पडला की त्याला कुजक्या लोण्यासारखी उग्र घाण सुटते आणि हाताला लागला तर खाज येते. तिकडे लोक हातमोजे घालून बिया गोळा करतात, गर धुऊन काढतात, आत पिस्त्यासारखं पांढरं कवच निघतं. झाडांत नर वेगळं, मादी वेगळी. बिया मादीलाच येतात. म्हणून रस्त्याच्या कडेला लावताना बऱ्याच शहरांत नर झाडंच निवडतात. आईने तवा मागवला. थोडं मीठ टाकून तिने बिया परतल्या, अगदी पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या परतते तशा, आणि त्या वेळी तिला काही विसरायला झालेलं नव्हतं. एक तोंडात टाकून म्हणाली, "आठळीच की ही. थोडी कडू."

खरंच तशीच लागते. पिठूळ, चिकट, मागून किंचित कडवट. भाचीने प्रत्येकाला तीनच वाढल्या. या बियांत एक विष असतं, ते शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. जास्त खाल्ल्या तर आकडी येऊ शकते, लहान मुलांना तर थोड्यांनीही. शिजवून ते सगळं जात नाही. चीन-जपानमधले लोक शेकडो वर्षं या बिया खात आलेत, आणि मोजून खायच्या हेही शेकडो वर्षांत शिकलेत.

दुसरा दिवस, शनिवार

दवाखान्याबद्दल थोडक्यात सांगतो. दोन तास बाकावर गेले. डॉक्टर तिशी-पस्तिशीच्या असतील, शांत. त्यांनी आईला घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाल्या, "चालू असलेली सगळी औषधं टेबलावर ठेवा." मी पिशवी उपडी केली. रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवायची, कॅल्शियमची. त्यांत एक हिरवी पट्टी होती, वर तेच दुभंगलेलं पान छापलेलं.

"ही कुणी सुरू केली?"

"मी," अण्णा म्हणाले.

मला माहीत होतं. सहा-सात महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगितलं, गिंकगोच्या गोळीने स्मरणशक्ती सुधारते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. दुसऱ्या कुठल्या गोळीचं नाव असतं तर अण्णांनी चार जणांना विचारलं असतं. या झाडाचं नाव ऐकल्यावर त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

डॉक्टरांनी दोष दिला नाही. त्यांनी समजावलं, आणि ते मला जपून लिहावंसं वाटतं, कारण ही गोळी आमच्याच घरात असेल असं नाही. पानांचा अर्क जर्मनीत १९६५पासून औषध म्हणून विकला जातोय. अमेरिकेत त्याची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००८ साली छापून आले. ७५ आणि त्यापुढच्या वयाची ३,०६९ माणसं. काहींना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. सहाएक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. स्मृतिभ्रंश दोन्ही गटांत साधारण सारखाच झाला. अर्काने तो थांबला नाही. "आणि आईंना रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. त्याच्या जोडीला हे घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. नाकातून रक्त वगैरे?"

आईचा घोळणा दिवाळीत दोनदा फुटला होता. आम्ही उन्हाची तिरीप म्हणून सोडून दिलं होतं. दंडावर काळेनिळे डाग होते, ते गोळ्यांमुळेच असं सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाल्या, पण पट्टी त्यांनी बाजूला सारली. अण्णांनी ती उचलून खिशात घातली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवणही नीट झालं नाही. "मी मुलांना सांगायचो, पुराव्याशिवाय काही मान्य करू नका," एवढंच म्हणाले.

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, असं पाकिटावर पान छापून सुचवायचं आणि आत काय आहे, कुणी घेऊ नये, हे बारीक अक्षरात ठेवायचं, याचा मला राग येतो. आमच्या बाबतीत अण्णा शिकलेले होते. जे नाहीत त्यांचं काय होत असेल?

तिसरा दिवस, रविवार

सकाळी अण्णा गॅलरीत बसून होते. त्यांना असं बसलेलं बघवेना, म्हणून मी म्हटलं, "अण्णा, गिल्बर्ट हिल बघायची? इथून रिक्षाने फार लांब नाही." त्यांनी उठून शर्ट घातला. वहीत एक पान ठेवलेलं मी पाहिलं.

अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजच्या मागे, गल्ल्या आणि घरांच्या दाटीत एकदम काळा कडा उभा राहतो. सुमारे २०० फूट उंच. जवळ गेलं की कळतं, तो एकसंध नाही. उभे खांब एकमेकांना खेटून उभे केल्यासारखे. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा जातात, आणि भेगांमधे असे बहुकोनी खांब सुटतात. एकेकाळी टेकडी पुष्कळ मोठी होती. खडीसाठी फोडत फोडत एवढीच उरली. पुढे तिला संरक्षण मिळालं म्हणून ही तरी आहे. खालच्या बाजूला अगदी कड्याला टेकून घरं आहेत, कचरा आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाला आपण यापेक्षा चांगलं वागवायला हवं होतं.

आई आणि बहीण खाली चहाच्या टपरीजवळ थांबल्या. आम्ही दगडात खोदलेल्या पायऱ्यांनी चढलो, अण्णा दर वीस पायऱ्यांवर थांबत. वर गावदेवीचं देऊळ आहे. दर्शन घेऊन अण्णा कठड्याशी सावलीत बसले. समोर सगळी अंधेरी पसरलेली, विमानं उतरत होती. त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि उघड्या कातळावर ठेवलं. वारा होता म्हणून वर बोट.

"बघ," ते म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा आवाजात तो वर्गातला कस होता. "हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. सह्याद्री, आपला कुंभार्ली घाट, हे सगळं त्याच काळातल्या लाव्ह्याचं. हिंदुस्थान तेव्हा बेट होतं, आशियाला अजून चिकटलंही नव्हतं. वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, इतकंसं डबकं होतं तिथं. आणि गिंकगो? चीनमध्ये सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्याची पानं आहेत. आपल्याकडे बिहार-झारखंडाच्या बाजूला राजमहालच्या टेकड्यांत त्याच्या कुळातली पानं सापडली आहेत. म्हणजे हा दगड पातळ होऊन वाहत होता ना, तेव्हा या पानाचं घराणं दहा कोटी वर्षं जुनं होऊन बसलेलं होतं."

मी पानाकडे आणि त्याखालच्या दगडाकडे बघत राहिलो. दगड म्हातारा आणि पान कोवळं, असंच आपण धरून चालतो.

देवीच्या देवळातली घंटा वाजत होती. अण्णा पुढे बोलत राहिले. एवढं सगळं सोसून हे झाड पुढे जवळजवळ संपलंच होतं. युरोप, अमेरिका, सगळीकडून नाहीसं झालं, चीनच्या डोंगरांत थोड्या जागा उरल्या. तिथल्या लोकांनी बियांसाठी, सावलीसाठी ते लावलं, देवळांच्या आवारात जपलं. चीनमधून ते कोरिया-जपानला गेलं. डच कंपनीचा एक जर्मन डॉक्टर, केंफर, १६९० साली नागासाकीला पोचला होता. त्याने तिथे हे झाड पाहिलं आणि १७१२ साली छापलेल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. तेव्हा कुठे युरोपला ते पुन्हा कळलं, ज्या मातीत त्याचे जीवाश्म पडले होते त्या युरोपला.

"म्हणजे देवराईच की," मी म्हटलं. आमच्या गावच्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही. देवाचं झाड म्हणून जे राहिलं, तेवढंच मोठं रान उरलंय.

"देवराईच," अण्णा म्हणाले.

खाली आल्यावर आईने विचारलं, काय पाहिलं वरती? अण्णांनी पान तिच्या तळहातावर ठेवलं. "हे या दगडाच्या आधीचं आहे." आईने कड्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "हे एवढंसं?"

रात्री भाचीने फोनवर हिरोशिमाचे फोटो दाखवले. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला त्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आत सहा गिंकगो होते. जळाले, काळे पडले आणि पुन्हा फुटले. एका देवळाजवळचं झाड, स्फोटापासून किलोमीटरभरावरचं. देऊळ कोसळलं होतं. नवं बांधताना झाड हलवलं नाही, पायऱ्याच त्याच्या दोन्ही बाजूंनी काढल्या. अण्णांनी तो फोटो मोठा करून बुंध्यापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला.

चौथा दिवस, सोमवार

राणीची बाग बुधवारी बंद असते आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सोमवार धरला. भायखळ्याला पोचलो तर शाळांच्या सहली आलेल्याच. सगळी पोरं पेंग्विनकडे पळत होती. आम्ही उलट्या दिशेला वळलो.

ही बाग १८६२ साली सुरू झाली. लोक तिला प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखतात, पण मुळात ती झाडांची बाग, आणि मुंबईत अशी जुनी, नाना देशांची झाडं एका जागी दुसरीकडे नाहीत. कैलासपतीच्या खोडालाच फुलं लगडलेली, खाली सडा. आईने एक उचललं, नागाच्या फण्याखाली पिंड, आणि शहारल्यासारखी हसली. गोरखचिंचेच्या बुंध्याला तिने दोन्ही हात लावून पाहिले. ती मूळची आफ्रिकेची, इथे छान रमली.

अण्णांनी एका माळीदादांना गाठलं. "गिंकगो नाही ना हो तुमच्याकडे?" त्यांना पानच दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "थंडीतलं दिसतंय. नाही साहेब. पण जुनं झाड बघायचंय ना? या." आणि ते आम्हाला सायकसकडे घेऊन गेले. अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी माळीदादांचा हातच धरला. माणसाने झाड ओळखलं नव्हतं, नातं ओळखलं होतं.

सायकस म्हणजे ठेंगणा काळा बुंधा आणि वर माडासारखा पिसारा, पण माडाचा तो कुणी नाही. एकाला नवा झेला फुटत होता. अण्णांनी वाकून कोवळं पान दाखवलं. त्याच्या कडेची प्रत्येक पाती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, अंगावर मऊ लव. "नेचा असाच उलगडतो. पूर्वजांची खूण." मग तिथल्याच बाकावर बसून त्यांनी हिरासेची गोष्ट सांगितली. मी, बहीण, भाची, आई, आणि जाता जाता थांबलेले माळीदादा.

साकुगोरो हिरासे चित्रकार होता. टोकियो विद्यापीठात वनस्पतींची चित्रं काढायला ठेवलेला माणूस, मोठी पदवी नाही. कोइशिकावा बागेत गिंकगोचं मोठं मादी झाड होतं. वसंतात वाऱ्याने परागकण येतात, पण फलन व्हायला चार-पाच महिने लागतात. त्या मधल्या काळात आत काय चालतं, हे त्याला बघायचं होतं. बीजांडं काढायची, त्यांचे पापुद्र्यासारखे काप करायचे, एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. १८९६ साली त्याला दिसलं की गिंकगोच्या शुक्रपेशीला केसांसारखे धागे आहेत आणि ती पोहते. नेच्याची पोहते, शेवाळाची पोहते, ते माहीत होतं. बी धरणाऱ्या उंच झाडाच्या पोटात, पाण्याच्या एका थेंबात शुक्रपेशी पोहत जाते, हे जगात कुणी पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी इकेनो या त्याच्या सहकाऱ्याने तेच सायकसमध्ये दाखवलं.

"म्हणजे या झाडात?" बहिणीने समोर बोट केलं.

"याच्याच घराण्यात. समुद्रातून वर आल्याची आठवण दोघांनी पोटात ठेवलीय."

"मग हिरासेला काय मिळालं?" माळीदादांनी विचारलं.

"पुढच्याच वर्षी विद्यापीठ सोडून गेला. एका गावात शाळेत शिकवायला लागला." अण्णा थोडं थांबले. "१९१२ साली दोघांना मोठा सन्मान मिळाला. पण सोळा वर्षं गेली. तेवढी वर्षं तो पोरांना शिकवत असणार. झाड अजून उभं आहे. त्याचंच हे पान."

चिपळूणच्या वर्गात अण्णांनी हिरासे नेहमी सांगितला, पण तो शाळामास्तर झाला हे मी त्या बाकावर पहिल्यांदा ऐकलं.

बाहेर पडताना अण्णांनी खिशातून ती हिरवी पट्टी काढली. सहा गोळ्या उरल्या होत्या. फेकायला कचरापेटीपर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "इथे नको, पोरं असतात." घरी आणून त्यांनी एकेक गोळी फोडून कागदात गुंडाळली, पट्टीवरचं छापलेलं पान कात्रीने कापलं आणि तो तुकडाही त्यातच टाकला.

पाचवा दिवस, मंगळवार

पहाटेच निघालो, दादरहून मांडवी एक्स्प्रेस. बहिणीने डबा दिला, भाचीने चारही पानं पुठ्ठ्यांच्या मधे बांधून दिली. डॉक्टरांचं नवं औषध, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. आईचा आजार बरा होणारा नाही हे त्यांनी सांगितलंय. सावकाश होईल एवढं बघायचं.

रोह्यानंतर गाडी डोंगरात शिरते. समोरच्या बाकावर एक सात-आठ वर्षांची मुलगी आईबरोबर सावंतवाडीला चालली होती. अण्णांनी पुठ्ठा उघडून पानं हवेला ठेवली तशी ती सरकत पुढे आली. "आजोबा, हे कसलं पान?"

अण्णा चष्मा पुसत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत आईने पान उचललं आणि मुलीच्या हातावर ठेवलं. नाव तिला आठवलं नाही, ती क्षणभर अडली.

"हे दगडाच्या आधीचं आहे," आई म्हणाली. "हळू धर."

"कुठल्या दगडाच्या?"

तेवढ्यात नातूवाडीचा बोगदा आला. डब्यात दिवे लागले, खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर काळा ओला कातळ सरकायला लागला. आईने त्याच्याकडे बोट दाखवलं.